तेल प्यालेली गिटार

मी एक गिटार बोलतेय. आवाज थोडा बसका वाटेल, पण तो माझा नेहमीचाच आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगून मोकळी होते: मी भित्री आहे. गिटार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कुणी रुबाबदार, चकचकीत चीज येत असेल. मी तशी नाही. मला पावसाची भीती वाटते, उन्हाची वाटते, उंदरांची वाटते, वाळवीची वाटते आणि पाहुण्यांच्या लेकरांची तर फारच वाटते. यातलं पुष्कळसं माझ्या वाट्याला आलंच नाही. जे आलं, त्याची भीती बाळगायचं मला सुचलंही नव्हतं.

माझा जन्म १९९९ सालचा. गोंदिया जिल्ह्यात सालेकशाच्या पुढे, डोंगरातून रेल्वे जाते तिथे दरेकसा नावाचं गाव आहे. त्या गावात खेमराज नावाचा माणूस सुतारकाम करायचा. लाकडाच्या डेपोत हमाली करता करता तो रंधा धरायला शिकला होता. दारं, चौकटी, बैलबंडीची चाकं, ढोलकीची खोडं, जे सांगाल ते करायचा. विहारात गाणी म्हणायची असली की पहिल्या रांगेत तोच.

स्टेशनवर बिलासपूरकडचा एक पॉइंटमन बदलून आला होता. त्याच्याकडे गिटार होती. तिची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, उखडली म्हणून त्यानं ती खेमराजकडे दिली. चिकटवायचं काम तासाभराचं होतं, पण गिटार आठ दिवस घरात राहिली, कारण खेमराजची मुलगी रंजिता ती सोडेना. तेव्हा ती पाचवीत होती. गिटार परत द्यायच्या दिवशी ती जेवली नाही.

"बाबा, तुमाले येते का अशी बनवता?" तिनं विचारलं.

"दार येते, खिडकी येते," खेमराज म्हणाला. "हे बी लाकूडच हाये ना."

त्यानं त्या गिटारीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, कडेनं पेन्सिल फिरवली, सुतळीनं मापं घेतली आणि मग ती परत केली. वळचणीला शिवणीच्या लाकडाची एक फळी सहा वर्षं वाळत पडली होती. तिच्यातून माझं पोट आणि पाठ निघाली. मान सागवानाची. अंगाच्या बाजू वाकवायला त्यानं पातळ पट्ट्या धान उकडायच्या गंजात, म्हणजे मोठ्या भांड्यात, उकळत्या पाण्यात टाकल्या. माझी पहिली आठवण तीच आहे. मी अजून गिटारही झाले नव्हते आणि मला उकळत होते. भित्रेपणा तिथूनच आला असावा.

तीन महिन्यांनी मी उभी राहिले. गोंदियाहून तारा आणल्या. रंजितानं पहिल्यांदा बोट फिरवलं तेव्हा माझ्यातून जो आवाज निघाला, तो ऐकून मीच दचकले. कुसुमबाई, म्हणजे रंजिताची माय, चुलीजवळ बसली होती. ती म्हणाली, "अवो, बोलते तं हे." खेमराज नुसता मला उलटीसुलटी करून पाहत राहिला.

आता फक्त एक गोष्ट बाकी होती. मी कोरी होते. अंगावर काही नाही, नुसतं घासून गुळगुळीत केलेलं लाकूड. माझ्यावर काहीतरी पारदर्शक लावायला हवं होतं, म्हणजे लाकूड दिसेलही आणि घाम, ओल, धूळ आत शिरणार नाही. तुम्हाला कपडे असतात. आम्हाला एवढंच असतं.

दाराला काय लावायचं हे खेमराज विडी पेटायच्या आत ठरवायचा. माझ्या बाबतीत त्याचं डोकं चालेना. माझ्याच उरलेल्या लाकडातून त्यानं तीन पट्ट्या काढल्या. एकीला वार्निश लावलं, दुसरीला चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश, आणि तिसरीला गोंदियाच्या रंगाच्या दुकानातून आणलेलं लॅकर. पाठीमागे पेन्सिलीनं एक, दोन, तीन असे आकडे टाकले आणि तिन्ही खिडकीला टांगल्या. मग रोज कामावरून आला की एकेक पट्टी कानाशी धरून नखानं टिचकी मारायचा.

"एक नंबर नाही जमत," तो म्हणायचा. "पोरगी गोधडी पांघरून गाऊन राहिली असं वाटते."

"मंग दोन नंबर लावा," कुसुमबाई म्हणायची.

"आवाज त्याचाच चांगला हाये. पन पानी पडलं का पांढरा पडते चपडा. अन हिच्या हाताले घाम किती येते."

"तं तिसरा लावा."

"त्याचा वास पाह्य. नाकातून मेंदूत जाते. पोरगी दिवसभर छातीशी धरून बसन."

कुसुमबाई हसायची. "लावा कोनतं बी. थंडी वाजून राहिली असन तिले."

तिला थट्टा वाटत होती, पण मला खरंच थंडी वाजत होती. पावसाळ्यात ओल माझ्यात शिरायची आणि मी फुगायचे. उन्हाळ्यात सगळं उडून जायचं आणि मी आतल्या आत ताणायचे. रात्री कुठेतरी बारीकसा 'टक्' असा आवाज व्हायचा. घरात कुणाला तो ऐकू यायचा नाही. मला वाटायचं, उद्या सकाळी मी दोन तुकडे होऊन खुंटीखाली पडलेली असेन.

खेमराजचं आपलं चालूच होतं. पावसात पॉलिश करायचं नाही, पांढरं पडतं. हिवाळ्यात धान मळायचं, हवेत भुसा. उन्हाळ्यात लग्नसराई, दिवाण-पलंगांची कामं. असं करता करता तीन वर्षं गेली. मी त्याला दोष देत नाही. ज्याच्यावर जीव असतो त्याचं काम माणूस पुढे ढकलत राहतो, हे मी पुढेही पुष्कळदा पाहिलं.

२००२ च्या भादव्यात त्याला ताप भरला. दोन दिवस त्यानं अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी तो भलतंच बोलायला लागला. ताप मेंदूत गेला होता. गोंदियाला नेईपर्यंत तो गेला. मी भिंतीवर होते. बायकांचं रडणं माझ्या पोटात घुमत होतं आणि माझ्या तारा आपोआप थरथरत होत्या. मला त्या थांबवता येत नव्हत्या. मला फार भीती वाटली आणि फार वाईट वाटलं. मला घडवणारा गेला होता आणि मी अजून उघडीच होते.

रंजितानं पुढचे आठ महिने मला हात लावला नाही. मग पुढच्या शिक्षणासाठी ती गोंदियाच्या वसतिगृहात गेली. घरात कुसुमबाई आणि मी, दोघीच उरलो. ती सकाळी कामाला जायची. रोवणी, कापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, मोह. आली की भिंतीकडे एकदा पाहायची आणि चूल पेटवायची.

मोहाच्या झाडाला फळं लागतात. त्यांच्या बियांना आमच्याकडे टोरी म्हणतात. कुसुमबाई टोरी वेचून, फोडून, वाळवून घाण्यावर न्यायची आणि तेल काढून आणायची. मृग जवळ आला की त्या तेलाची वाटी घेऊन ती घरभर फिरायची. मुसळाला तेल, दाराच्या चौकटीला तेल, खेमराजच्या रंध्यांना तेल. तिची माय हेच करायची, सासूही हेच करायची. पावसाआधी लाकडाला तेल पाजायचं, ही तिकडची रीतच.

२००३ च्या मृगाआधी ती वाटी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. तिनं मला खाली घेतलं, मांडीवर आडवी ठेवली, तीन बोटं तेलात बुडवली आणि खांद्यापासून कमरेपर्यंत एक लांब हात फिरवला.

"घे," ती म्हणाली. "तुले कोनी काही लावलंच नाही. उघडीच ठेवलं तुले."

ते तेल माझ्यात उतरायला लागलं तेव्हा मला बुडाल्यासारखं वाटलं. मी कोरी होते, मला अडवता येत नव्हतं. जिथे जिथे तिची बोटं गेली तिथे मी गडद झाले. तेलाला एक कडवट वास होता आणि तो माझ्या पोटावरच्या गोल भोकातून आत जाऊन तिथेच राहिला. टोरीचं तेल वाळत नाही. ते थंडीत थिजतं, उन्हात पातळ होतं, पण वाळत नाही. मी ते वर्षानुवर्षं अंगात वागवलं.

आठ वर्षं, आठ वेळा. माझा आवाज जड झाला. आधी तार छेडली की सूर दारापर्यंत जायचा, आता तो माझ्या पोटातच बसकण मारायचा. तेव्हा मला कुसुमबाईचा राग यायचा, हे कबूल करते. दरसाली मृग आला की माझे धाबे दणाणायचे. पण एक विचित्र गोष्ट मी तेव्हा ध्यानात घेतली नाही. तो रात्रीचा 'टक्' आवाज बंद झाला होता. भित्र्या जिवाचं असंच असतं. भीती आली ते कळतं, गेली ते कळत नाही.

रंजिता दिवाळीच्या सुटीत यायची, मला वाजवायची, पुसायची. माझा रंग गडद झालेला तिला दिसत होता. तिला वाटलं, चुलीचा धूर आणि वय.

२०११ च्या सुरुवातीला रंजिता तिरोड्याला एका शाळेत शिक्षिका झाली. पहिल्या उन्हाळ्यात घरी आली ती ठरवूनच. "माय, येत्या बुद्धपौर्णिमेले मी विहारात हे वाजवनार. बाबाचं राह्यलेलं काम आधी पुरं करते. पॉलिश मारून आनू."

कुसुमबाईला इतका आनंद झाला की तिनं पेटीतून ठेवणीतलं लुगडं काढून मला त्यात गुंडाळलं. "मी बी येते," ती म्हणाली. "पाहते कसं लावते तं."

दरेकसा स्टेशनवर आम्ही पॅसेंजरला चढलो. मी तिच्या मांडीवर होते. रंजिताच्या पिशवीत त्या तीन पट्ट्या होत्या. खिडकीला टांगून टांगून त्यांच्या दोऱ्या कुजल्या होत्या, पण पट्ट्या होत्या. गाडी बोगद्यात शिरली तेव्हा कुसुमबाईनं मला घट्ट धरलं. घाबरले मी होते, पण धरलं तिनं.

गोंदियाच्या बाजारामागच्या गल्लीत धर्मेंद्र नावाच्या माणसाचं फर्निचर पॉलिशचं दुकान होतं. चाळिशीचा, बोलका माणूस. कोपऱ्यात त्याचे काका देवचंद स्टुलावर बसून चपड्याच्या पापड्या चाळत होते. गोंदियात पूर्वी लाखेचे कारखाने होते. त्यातल्या एकात त्यांनी तीस वर्षं काढली होती. ऐकू कमी यायचं आणि काम करताना स्वतःशीच बोलायची सवय होती, असा म्हातारा.

वकिलानं पुरावे मांडावेत तशा रंजितानं तिन्ही पट्ट्या टेबलावर मांडल्या. बारा वर्षांत एक नंबरचं वार्निश पिवळं पडून तडकलं होतं. दोन नंबरचा चपडा जागोजागी पांढुरका झाला होता. तीन नंबरचं लॅकर मात्र काल लावल्यासारखं होतं.

"मॅडम, ये तीन नंबर देखो," धर्मेंद्र म्हणाला. "बारा साल में कुछ नहीं हुआ इसको. आँख बंद करके यही लगाओ."

रंजितानं पट्टी कानाशी धरली, नखानं टिचकी मारली. अगदी बापासारखी. मग म्हणाली, "ठीक आहे. पण पातळ मारा. चमक कमी चालेल, आवाज दबला नाही पायजे."

मी मनातून ओरडत होते. त्या पट्ट्यांना कुणी तेल पाजलं नव्हतं. त्या माझ्याच अंगाच्या होत्या, पण गेल्या आठ वर्षांत त्यांचं आणि माझं आयुष्य वेगळं झालं होतं. कुसुमबाईला तेल माहीत होतं, पण त्यानं काय बिघडेल ते त्या दुकानात फक्त मला कळत होतं.

धर्मेंद्रनं तारा काढल्या, वरवर पॉलिश पेपर फिरवला, फडक्यानं पुसलं आणि मला मागच्या खोलीत टांगलं. मायलेकी दारातल्या बाकावर बसल्या. फवाऱ्याची बंदूक सुरू झाली तशी मी जीव मुठीत धरला, मुठी नसताना. पहिला हात माझ्यावर बसला आणि लगेच सरकायला लागला. पानावरचं पाणी पळतं तसं ते लॅकर माझ्यावरून पळत होतं. जागोजागी गोल गोल खळगे पडले. आधी एक, मग चार, मग मोजता येणार नाहीत इतके. सगळं अंग डोळ्यांनी भरल्यासारखं दिसू लागलं.

धर्मेंद्र मला तसाच घेऊन बाहेर आला. "तेल किसने लगाया इसको?"

रंजितानं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग मायकडे. तिला एका क्षणात सगळं समजलं.

"मी लावलं," रंजिता म्हणाली. "खोबरेल. बरेच दिस झाले."

धर्मेंद्रनं नाक जवळ नेलं. "खोबरेल नहीं है मॅडम. ये टोरी है. सालोंसाल पिलाया है किसी ने."

"मी लावली," कुसुमबाई म्हणाली. आवाज बारीक होता. "दरसाली. मृगाच्या आधी. लाकूड हाये ना, तहानते म्हनून."

"मावशी, आपने तो मार डाला इसको."

तो वाईट माणूस नव्हता. काम बिघडलं की तो प्रत्येक दाराला, पलंगाला असंच म्हणत असावा. पुढे लगेच कामाचंच बोलला: वरून रंधा मारावा लागेल, तेल उतरलंय तिथपर्यंत, फळी पातळ आहे, फाटू शकते, फाटली तर त्याची जबाबदारी नाही. पण कुसुमबाईनं पुढचं ऐकलंच नाही. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होती. तीन बोटं तिनं पदरानं पुसली, कोरडी असून पुसली, आणि उठून बाहेर गेली. रंजिता तिच्यामागे धावली. धर्मेंद्र थिनर आणायला शेजारच्या दुकानात गेला.

मी टेबलावर पडले होते. तेवढ्यात देवचंदबाबा उठून आले. ओलं लॅकर त्यांनी चिंधीनं पुसून काढलं. माझ्या भोकातून बॅटरीचा उजेड आत टाकला आणि खूप वेळ पाहत राहिले. मग घोडीच्या खालच्या बाजूला नख लावून एक बारीक रेघ चाचपत नेली. मधेच त्यांचं नख थांबलं.

"इथून चिरली होती हे," ते स्वतःशी म्हणाले. "अन इथं थांबली. तेल पोचलं तिथंच थांबली."

त्यांनी पाठीवर थोपटलं. "बारा बरसाती उघडी. बाईनं तेल नसतं पाजलं तं कवाचीच चुलीत गेली असती."

हे एवढंच वाक्य. दुकानात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

रंजिता डोळे पुसत आत आली तेव्हा मी मनात म्हणत होते, आता सांगा बाबा, आता तिला सांगा. पण ते लाकडाशी बोलणारे, माणसांशी कामापुरतेच. "रंधा नाही मारत," ते म्हणाले. "चार दिस लागतीन. चपडा लावतो. तेलकट लाकडावर दुसरं काही धरत नाही." एवढं बोलून ते पापड्या भिजवायला गेले.

त्या चार दिवसांत मी किती वेळा मेले ते सांगत नाही. आधी थिनरच्या चिंध्या. मग खडूच्या भुकटीचा लेप, तेल वर ओढून घ्यायला. वाळला की झटकायचा, पुन्हा लावायचा. हळद लागलेल्या नवरीसारखी मी बसले होते, फक्त हळद पांढरी होती. वरवरचं तेल निघालं, खोलातलं राहिलं. तिकडे देवचंदबाबांनी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून नुसता ठेवून दिला होता. त्यातलं मेण तळाशी बसलं, वरचं निवळ तेवढं त्यांनी घेतलं. ही लाख आमच्याच जंगलातल्या पळसावरची. कापडाच्या पुरचुंडीनं त्यांनी ती माझ्यावर इतकी पातळ चढवली की मला कळलंही नाही. एक हात, थांबणं, दुसरा हात, थांबणं. आणि ती धरली. एकही खळगा पडला नाही.

बारा वर्षांनी माझ्या अंगावर काहीतरी आलं होतं. पण पारदर्शक म्हणजे पारदर्शकच. आतलं सगळं दिसत होतं. खांद्यापासून कमरेपर्यंत तीन तीन बोटांचे गडद पट्टे, एकाशेजारी एक.

रंजिता न्यायला आली ती एकटीच. कुसुमबाई दरेकशालाच थांबली होती. "बाबाजी, हे पट्टे नाही जानार?" तिनं विचारलं.

"ते आतमंदी हायेत," देवचंदबाबा म्हणाले. "राहू दे त्यायले." पुढे बोलतील असं मला वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात धर्मेंद्रनं कुठला तरी पलंग दाखवायला त्यांना हाक मारली.

बुद्धपौर्णिमेला मी विहारात वाजले. आवाज पहिल्यासारखा खुला नव्हता, पण होता. लोक म्हणाले, खेमराजच्या हातची वस्तू आहे, बारा वर्षं टिकली पाहा. सगळे खेमराजचं नाव घेत होते. कुसुमबाई शेवटच्या रांगेत शेजारच्या अनुसयाबाईच्या आडोशाला बसली होती. तिनं मान वर केली नाही.

मग मृग आला. तिनं सवयीनं वाटी काढली. मुसळ झालं, चौकट झाली, रंधे झाले. माझ्यापुढे येऊन ती उभी राहिली. मला वाटलं, निदान एकदा हात फिरवेल. आता भ्यायचं कारण नव्हतं, अंगावर चपडा होता. पण ती वाटी पोटाशी धरून म्हणाली, "मले काही समजत नाही माय, लाकडातलं." आणि परत गेली. पुढच्या वर्षीपासून तिनं कशालाच तेल लावलं नाही. मुसळालाही नाही.

देवचंदबाबा त्याच हिवाळ्यात वारले. रंजिता तारा घ्यायला गोंदियाला गेली होती, तिला धर्मेंद्रनं सांगितलं. घरी येऊन तिनं ते मायला सांगितलं. आता ते वाक्य माझ्याशिवाय कुणाजवळच उरलं नव्हतं.

दोन वर्षांनी रंजितानं आम्हा दोघींना तिरोड्याला आणलं. दोन खोल्या, समोर ओटा, शेजारी शामकला नावाची बाई. कुसुमबाई दिवसभर घर पुसते. खिडकीचे गज पुसते, पंख्याची पाती पुसते. मी कोपऱ्यात स्टँडवर असते. माझ्याभोवतीची फरशी पुसते आणि मला सोडून पुढे जाते. मला तिचा हात हवा असतो. जिच्या हाताला मी आठ वर्षं भ्याले, तिच्याच हाताची आता मी वाट पाहते.

गेल्या फाल्गुनात भर दुपारी आभाळ फाटलं. गारा पडल्या. रंजिता शाळेत होती. माझ्यामागची खिडकी वाऱ्यानं उघडली आणि पाणी थेट माझ्यावर यायला लागलं. कुसुमबाई आतून धावत आली. माझ्यापासून दोन हातांवर येऊन थांबली. तिनं हात पुढे केला. मग तिनं तो मागे घेतला आणि दारात जाऊन हाका मारायला लागली. "शामकला, वो शामकला, लवकर ये."

खिडकी लावायचंही तिला सुचलं नाही. शामकला गारा चुकवत येईपर्यंत मी भिजत राहिले. तिनं मला उचलून पलंगावर ठेवलं, खिडकी लावली आणि म्हणाली, "मावशी, समोरच तं होती. तुमीच काऊन नाही उचललं?"

"माह्या हातानं नको," कुसुमबाई म्हणाली. "माह्या हातानं एक खेप मेली ते."

माझ्या चपड्यावर पांढरे डाग पडले. रंजितानं संध्याकाळी ते पुसून पाहिले, काही गेले, काही राहिले. त्याचं मला काही नाही. पण त्या दिवसापासून माझी भीती बदलली आहे. पाऊस, उंदीर, वाळवी, सगळं मागे पडलं. कुसुमबाई आता ओट्याच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबते. तिचा खोकला मला रोज ऐकू येतो. कधी ना कधी तिला जायचंच आहे. पण नवऱ्यानं केलेली शेवटची वस्तू आपण मारली, असं समजून ती जाईल, याची मला भीती वाटते. दुसरी कशाची नाही.

मी सांगू शकले असते तर केव्हाच सांगितलं असतं. रंजिता वाजवते तेव्हा मी जीव तोडून प्रयत्न करते, आणि कुसुमबाई आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेते.

म्हणून तुमच्यापुढे बोलले. तुमच्यापैकी कुणाचं तिरोड्याकडे जाणं झालं, तर शिक्षिका रंजिताबाईंचं घर विचारा. ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसलेली असेल. तिला नमस्कार करा आणि सांगा, गोंदियाचे देवचंदबाबा म्हणाले होते: बाईनं तेल नसतं पाजलं तं कवाचीच चुलीत गेली असती. शब्द बदलू नका, असेच सांगा. ती मान हलवेल, खोटं म्हणेल. तेव्हा घोडीखालची ती अर्धी चीर तिला दाखवा, जिथे थांबली आहे तिथपर्यंत. आणि मग तिचा हात धरून माझ्या अंगावर ठेवा.